फिल्ममधी मेलेली बायको

शेवट वळखून दाखवा, चहा माझ्याकडून. धायरीत कंप्युटरवाल्यांच्या इमारती उठल्या तवा एक पोरगी गावच्या लोकांच्या हालाची फिल्म काढाया आली. म्हनली, "बाबा, तुमचं दुःख सांगा." मला गंमत सुचली. "बायको मेली, पोरं एकट्यानं वाढवली," असं ठोकून दिलं. पोरगी रडली.

पुढं तीच फिल्म तिनं आमच्याच देवळात लावली. बायको माझ्या शेजारीच बसलेली. म्हनलो, "चल घरी, पोटात दुखतंय."

"गप बसा, तुमचं तोंड तर दिसू द्या."

दिसलं, आन बोललं बी. सगळं देऊळ तिच्याकडं बघाया लागलं.

घरी जेवाया मागितलं तर म्हनली, "मेलेली बाय भाकरी करती व्हय?"

आठ दिस नाक्यावर वडापाव खाल्ला, दोन्ही टायमाला.