बारीक आवाज आधी जातात

नाही नाही, नवीन नको काढू रॅकमधून — माह्यापाशी ओरिजनल सायलेन्सर आहे, हे पाह्य, पोत्यात. कंपनीचं. चौऱ्याण्णवच्या गाडीसोबत आलेलं, तेच. खालून जरा गंजलं आहे, पण भोक नाही कुठंच, मी ठोकून पाहिलं — छत्तीस वर्षं रेल्वेच्या वॅगन शॉपमध्ये फिटर होतो भैया, पत्र्याचं मले समजते. आणि ही मागची जाळी, तारेनं बांधून ठेवलेली, ही आत बसव, एक स्क्रू आहे तिले. आता जे लागलं आहे ना, ही मोकळी नळी — हे काढून भंगारात दे, कुणाले दे, मले दाखवू नको फक्त. ... हव, गाडी माहीच. नातवाची नाही. सगळेच हसतात, तूही हास. सदुसष्ट वर्षांचा माणूस, डोक्यावर केस नाही, आणि गाडी अशी फाडफाड वाजवत येते. पाऱ्यातले, मोहल्ल्यातले पोट्टे मले फटफटी काका म्हणतात. तुले मराठी समजते ना? बोर्डावर मेश्राम पाहिलं म्हणून मराठीत सुरू झालो. हिंदीत उत्तर दे, चालते, माही पोरगीही तसंच करते. आता तू म्हणशील, गुढियारीहून इथं शंकर नगरपर्यंत काहून आले, तिथं मेकॅनिक नाहीत का. आहेत ना. पण तिथल्यानंच ही नळी बसवली, त्याले सगळं माहीत आहे, इंदूच्या हातचा चहा प्यायलेला माणूस आहे तो. तो रडला असता. मले रडणारा मेकॅनिक नको होता आज.

इंदू म्हणजे माही बायको. होती. चोवीस दिवस झाले. — नाही, उठू नको, तू काम कर, हात थांबवू नको.

तर आमच्या घराले पत्र्याचं फाटक आहे, मीच बनवलं, कडी आतून. ही गाडी घेतली तेव्हापासून पंचवीस वर्षं, खोटं नाही सांगत, मी ते फाटक कधी बाहेरून ठोकलं नाही. गाडी गल्लीत वळली का ही चुलीपासून उठे, मी पोहोचेपर्यंत कडी निघालेली. गाडीवरून उतराचं काम नाही, साहेबासारखा सरळ आत. मग मी रिटायर झालो त्या साली, मे महिन्यात, एक दिवस फाटक बंद. हॉर्न दिला. पीं पीं पीं. पुन्हा दिला. डोक्यावर ऊन, पेट्रोलची टाकी तापलेली, मी तिथं उभ्या उभ्या असं काही बोललो का शेजारची सून मीनल बाहेर आली — चांगली पोरगी आहे — ती आपल्या गच्चीवरून आमच्या अंगणात उतरली आणि इंदूले हलवलं. इंदू कुठं होती? अंगणातच. भाजी निवडत बसली होती, फाटकापासून दहा हातांवर. मले पाहून म्हणते, आज लवकर आले तुम्ही.

नेलं डॉक्टरकडे. काचेच्या खोलीत बसवलं, कानावर डबे लावले, ऐकू आलं का बटण दाबा म्हणे. ही आपली माह्याकडे पाहून पाहून बटण दाबे. डॉक्टर म्हणाला, वयानं होते असं, बारीक आवाज आधी जातात, जाडे मागून. म्हणजे हॉर्न गेला, कुकरची शिट्टी गेली, फोनवरचा मोनालीचा आवाज गेला — मोनाली माही पोरगी, भिलाईले दिली. पण मालगाडी धडधडत गेली तर अजून समजे तिले, ढोल समजे. येता येता रस्त्यानं माह्या डोक्यात एकच, जाड आवाज, जाड आवाज. दुसऱ्या दिवशी मेकॅनिकले म्हटलं, काढ सायलेन्सरची जाळी, आवाज तीच दाबते. शंभर सीसीची गरीब गाडी, कुणाच्या अध्यात ना मध्यात, जाळी निघाल्यावर अशी ढबढब करे का मलेच लाज वाटे. पण संध्याकाळी गल्लीत वळलो, आणि फाटक उघडलं भैया. ही पदराले हात पुसत उभी. म्हणते, गाडी काहून खोकून राहिली? मी गाडीवर बसल्या बसल्या रडलो, तिले दिसू नये म्हणून हेल्मेट काढलं नाही.

मग दोन वर्षांनी तेही कमी पडू लागलं. फाटक उघडाले वेळ लागे, कधी उघडेच ना. तेव्हा पूर्ण सायलेन्सरच काढलं आणि ही नळी वेल्ड करून घेतली. काढलेलं सायलेन्सर तिनंच पोत्यात घालून माळ्यावर ठेवलं, तेल लावून. ह्या नळीपायी माहं दोन वेळा चालान झालं. दुसऱ्या वेळी तर मी त्या शिपायाले सगळं सांगितलं, बायकोले ऐकू येत नाही, तिच्यासाठी आहे हे. त्यानं पावती फाडली, पण सलाम केला मले. चहाच्या टपरीवर तर हे रोजचंच झालं — रिटायर झाल्यावर एका कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये पोट्ट्यांले फायलिंग, कानस मारणं, शिकवाले जातो मी, पाचले सुटतो, मग टपरीवर — तिथं नवीन माणूस आला का लोक म्हणत, शामराव, सांगा ना तुमच्या गाडीचं. मी सांगे. लोक म्हणत, वाह काका, असा नवरा पाहिजे. मले बरं वाटे. खोटं काहून बोलू, लय बरं वाटे. एक चहा होता होता तीन होत. सहा वाजत, सात वाजत. घरी कुणाले काय फरक पडते, गाडी वाजली का तिले समजतेच, असं माहं.

... मशीन? कानाचं? हव. सांगितलं होतं डॉक्टरनं. पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, लिहून दिलं होतं. तिले नको होतं ते. बायांचं कसं असते, कानात काही दिसलं तर लोक बहिरी म्हणतील —

नाही. असं नाही.

तिनंच म्हटलं होतं. तीन वेळा म्हटलं होतं. एकदा तर असं, कानाले बोट लावून, लहान पोरीवानी, म्हणे, ते मशीन आणून देता का हो. मी मान हलवली, हो, आणू. मोनाली फोनवर मागे लागे, पापा, मम्मी को मशीन दिला दो, मैं पैसे भेजती हूं. मी सांगितलं, आणलं बेटा, घरी आहे, तुही आईच लावत नाही. पोरगी आली तर इंदूवर चिडे, लगाती क्यों नहीं मम्मी, आणि इंदूले काही ऐकू येत नव्हतं, ती आपली हसे, पोळी वाढे. आणि मी समोर बसून जेवे.

पैशाची गोष्ट नाही, पेन्शन आहे माही. मग काहून? — थांब, तो बोल्ट उलटा फिरवून राहिला तू. हं. — सांगतो. तुले नाही सांगितलं तर कुणाले सांगू, तू तर मले ओळखतही नाही. बहिऱ्या माणसासोबत राहून पाह्य भैया. मीठ कमी आहे, हे चार वेळा ओरडून सांगा. कुणाचा फोन होता, ओरडून. घसा बसते. मग माणूस बोलणंच बंद करते. बंद केलं म्हणजे, तिच्याशी बंद केलं. पण तोंड चालूच राहाते ना. तिच्यासमोर बसल्या बसल्या, जेवता जेवता, मी हळू आवाजात बोले. काहीही. बहिरी, डोकं खाल्लं माहं. कुठं अडकलो. एवढं तेल कुणाच्या बापाचं. आणि ती माह्या तोंडाकडे पाहून हसे आणि विचारे, भात वाढू? मले त्याची सवय लागली. जे चाळीस वर्षांत बोललो नाही, ते सगळं बोलून घेतलं. हलकं वाटे. मशीन आणलं असतं तर हे बंद झालं असतं. एवढंच कारण. दुसरं कोणतंच नाही. टपरीवर मी मोठा प्रेम करणारा नवरा, आणि घरी हे.

ती गेली सकाळी. चहा ठेवला, ओट्यापाशी बसली, बसली ते बसलीच. डॉक्टर म्हणे, हार्ट. काही त्रास झाला नसेल म्हणे. पुण्यानुमोदन झालं, पाहुणे गेले, मोनाली गेली. मी पुन्हा कॉलेजले जाऊ लागलो, घरी बसून करू काय. संध्याकाळी येतो, फाटकाले आता बाहेरून कुलूप असते, किल्ली माह्या खिशात, पण गाडी वळली का मीनल आपल्या दारात येते. रोज. डोळे पुसत. परवा ती म्हणाली, काका, हा आवाज बंद करा आता, मले सहन नाही होत. मी म्हटलं, बेटा, काकूले ऐकू येत होतं म्हणून ठेवलं होतं. तर ती म्हणाली, काकूले नव्हतं येत काका. तीन वर्षांपासून काहीच नव्हतं येत. ना गाडी, ना मालगाडी. मी म्हटलं, मग फाटक कोण उघडे? म्हणाली, पाच वाजले का त्या फाटकापाशी जाऊन उभ्या राहात, पत्र्याच्या फटीतून पाहात. तुम्ही वळताना दिसले का कडी काढत. मी म्हणे, काकू, खुर्ची टाकून बसा, तर म्हणत, बसलं का फटीतून दिसत नाही. मी म्हणे, सांगून टाका ना काकांले. तर म्हणत, त्यांनी माह्यासाठी एवढी चांगली गाडी फोडून घेतली, आता ऐकू येत नाही कसं सांगू.

पाच वाजेपासून. आणि मी टपरीवर तिसरा चहा पिऊन राहिलो होतो. तिचेच किस्से सांगून राहिलो होतो. तिचे गुडघे किती दुखत तुले काय सांगू.

थांब, झालं नाही अजून. मी मीनलले विचारलं — विचारलं नसतं तर बरं झालं असतं — विचारलं, तीन वर्षं काहीच ऐकू येत नव्हतं, मग तुह्याशी एवढं बोलणं कसं होत होतं तिचं? ती पोरगी सहज बोलून गेली. म्हणाली, काकू तोंड पाहून समजत ना. समोरच्याचे ओठ हलले का सगळं समजे त्यांले. आवाजाचं कामच नव्हतं. म्हणत, तुह्यं तर थोडं चुकते मीनल, पण ह्यांचं एकही अक्षर चुकत नाही, चाळीस वर्षं हेच तोंड पाहून राहिली.

एकही अक्षर.

तेव्हापासून मी एकेक आठवून राहिलो. कोणत्या दिवशी काय बोललो. भात वाढू म्हणाली तेव्हा आधी काय बोललो होतो. सगळंच आठवत नाही, पण शेवटचं आठवते. ती गेली त्याच्या आदल्या संध्याकाळी. मी खुर्चीवर, ती चहाचा कप घेऊन समोर आली, थोडा चहा बशीत सांडला. एवढंच. आणि मी हळूच म्हटलं, ह्या बाईपासून सुटका कधी होईल माही. तिनं कप ठेवला. माह्याकडे पाहिलं. आणि म्हणाली, "होईल हो. चहा घ्या आधी."

मी चमकलो तेव्हा. मग म्हटलं, नाही, बहिरं माणूस काहीही बोलते, जुळून आलं असेल. आणि चहा पिऊन घेतला. पूर्ण पिला.

... नाही, मले पाणी नको. माह्याकडे पाहू नको असा. तुले काय विचारलं मी काही? नाही विचारलं ना. मग जाळी बसव आणि किक मारून पाह्य. मी तिकडं रस्त्यावर उभा राहातो. झालं का हात हलव, आवाज देऊ नको.