ते बेवारस नव्हते

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि या रुग्णालयाचे अधीक्षक साहेब, प्रमुख पाहुणे म्हणून वेळात वेळ काढून आलेले पोलीस खात्यातले वरिष्ठ अधिकारी, व्यासपीठावरील इतर मान्यवर, डॉक्टर, परिचारिका आणि कर्मचारी मंडळी, ज्यांच्यासाठी आपण जमलो आहोत त्या शवागाराच्या प्रमुख, आमच्या डॉक्टरबाई, आणि खुर्च्या पुरल्या नाहीत म्हणून मागच्या भिंतीला टेकून उभी असलेली, ज्यांची हरवलेली माणसं याच शवागारात सापडली ती घरची माणसं, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

मी एका शाळेच्या कार्यालयात काम करते. समारंभात माझी जागा एरवी पडद्यामागे, हार मोजायला. भाषण हे पहिलंच. मघाशी पायरीशी सूत्रसंचालकांनी मला हळूच गाठलं. म्हणाले, "ताई, चार गोड शब्द बोला. फार खोलात जाऊ नका, नंतर चहापान आहे." मी बरं म्हणाले. गोड शब्द लिहूनही आणले होते. ते या पर्समध्ये आहेत आणि तिथेच राहू देत. कारण माझ्याआधीच्या वक्त्यांनी सांगितलं की डॉक्टरबाईंच्या कार्याला रुग्णालयाने सदैव पाठबळ दिलं. टाळ्याही झाल्या. मी टाळी वाजवली नाही. का वाजवली नाही, ते सांगते.

माझे सासरे शिंपी होते. आम्ही सगळे त्यांना बाबा म्हणायचो. आमच्या घराची पुढची खोली म्हणजे त्यांचं दुकान. सत्तरी ओलांडली तरी सुईत दोरा पहिल्या झटक्यात ओवायचे आणि मला ओवता आला नाही की चष्मा पुसत म्हणायचे, "शाळेत नोकरी करतेस ना? मग बरोबर आहे." माझं आणि त्यांचं कसं होतं? रोज वाद व्हायचा. पंखा किती वेगात ठेवायचा यावर व्हायचा, वर्तमानपत्राची घडी कोणी मोडली यावर व्हायचा. ज्या घरात माणसं एकमेकांशी बोलतात तिथे होतो तसा. आणि ज्या दिवशी ते गेले त्या दिवशी तोही झाला नव्हता.

सकाळची वेळ होती. मी मुलीची वेणी घालत होते. बाबा दारातून म्हणाले, "आलोच." मी म्हणाले, "बरं." इस्त्री बंद केलेली होती, मशिनवर कापड तसंच होतं, फोन चार्जिंगला लावलेला होता. पाकीट ते बाळगतच नसत, सुटे पैसे शर्टाच्या खिशात टाकायचे आणि निघायचे. आलोच म्हणालेला माणूस दुपारी आला नाही, संध्याकाळी आला नाही.

आम्ही पोलीस चौकीत गेलो. प्रमुख पाहुणे इथे बसले आहेत, म्हणून तिथलं बोलणं जसंच्या तसं सांगते. हवालदार खाली मान घालून लिहीत होते.

"घरात काही कुरबुर?"

"नाही."

"सुनेशी पटत होतं का त्यांचं?"

"मीच सून."

तेव्हा त्यांनी पहिल्यांदा मान वर केली. माझ्याकडे पाहिलं, पुन्हा खाली घातली आणि लिहिलं, 'घरगुती वादातून निघून गेले.' मी म्हणाले, मी असं सांगितलं नाही. ते म्हणाले, "बाई, असंच असतं. येतील चार दिवसांत, राग शांत झाला की."

साहेब, त्या एका वाक्याने काय केलं, तुम्हाला कल्पना आहे? जो माणूस रागावून गेला त्याला कोण शोधणार? कोणीच शोधलं नाही. आणि ते वाक्य चौकीत राहिलं नाही. ते आमच्या गल्लीत आलं, वाण्याच्या दुकानात आलं, माझ्या ऑफिसात आलं. सुनेने म्हाताऱ्याला घराबाहेर काढलं. माझ्या नणंदेने फोनवर विचारलं, "खरं सांग, काय बोललीस तू त्यांना?" मी सांगितलं, "बरं म्हणाले." तिने फोन ठेवला. त्यानंतर ती आमच्याकडे यायची बंद झाली. माझे यजमान सज्जन माणूस आहेत, ते काही बोलले नाहीत. पण एकदा जेवताना त्यांनी विचारलं, "त्या दिवशी खरंच काही झालं नव्हतं ना?" मी ताटावरून उठले. ते म्हणाले, "अगं, नुसतं विचारलं." त्या 'नुसतं'वर आमचं घर पुढे कित्येक महिने लंगडत चाललं.

आता या इमारतीकडे येते. मी या रुग्णालयात किती वेळा आले असेन? खालच्या चौकशीच्या खिडकीशी बाबांचा फोटो घेऊन उभी राहायचे. खिडकीतले गृहस्थ नाव विचारायचे, मी सांगायचे, ते म्हणायचे, "या नावाचं कोणी दाखल नाही." एकदा मी म्हणाले, "त्यांना नाव सांगता आलं नसेल तर?" ते म्हणाले, "बाई, नावच नसेल तर मी शोधू कशात? ही पेशंटची खिडकी आहे. पुढे चला, मागे रांग आहे."

मी पुढे चालले. आणि माझे सासरे त्या वेळी कुठे होते? त्याच मजल्यावर, दोन वळणं घेतली की शवागाराचा जो लोखंडी दरवाजा लागतो त्याच्या आत होते. कपाळावर चिकटपट्टी लावावी तसा त्यांना शब्द लावला होता, अनोळखी. कोणाला अनोळखी? मला? मी फोटो घेऊन उभी होते. त्यांना शोधणारी मी आणि ते, दोघंही एकाच छपराखाली होतो, आणि मधल्या कोणाला एवढं सुचलं नाही की हिला त्या दरवाजाकडे पाठवून बघू. मी आले, परत गेले, पुन्हा आले. बेवारस मृतदेह ठेवायची मुदत संपली. पालिकेच्या गाडीतून त्यांना नेलं आणि एका आकड्याखाली पुरलं.

हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मी येतच राहिले. एकदा औषधांच्या दुकानासमोरच्या बाकावर बसले होते. शेजारी एक बाई येऊन बसल्या, हातात चहाचा कागदी कप. म्हणाल्या, "नेहमी दिसता. कोण दाखल आहे तुमचं?"

"कोणी नाही. सासरे हरवलेत."

"अंगावर कपडे कुठले होते?"

हा प्रश्न मला तोवर कोणी विचारला नव्हता. वय विचारलं, उंची विचारली, सुनेशी पटतं का ते विचारलं. कपडे नाही.

मी म्हणाले, "निळसर शर्ट. जुना. कॉलर विरली म्हणून त्यांनी ती उसवून, उलटी करून पुन्हा शिवली होती. शिंपी आहेत ते."

बाईंनी कप बाकावर ठेवला. मग म्हणाल्या, "मी इथली डॉक्टर आहे. शवागार माझ्याकडे आहे. तुम्ही आत याल का? बरोबर कोणी आहे?"

"नाही."

"मग मी आहे."

ज्यांनी ती खोली पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. लहानशी खोली. एक टेबल, दोन खुर्च्या, पाण्याचा जग आणि भिंतीला लागून कपाट. मृतांचे कपडे इथे पूर्वी जाळून टाकत. डॉक्टरबाईंनी ते थांबवलं. ज्याचं नाव कळलेलं नाही त्याचे कपडे त्या धुऊन घेतात, इस्त्री करून घेतात, घडी घालून ठेवतात. का? त्या म्हणतात, घरच्यांच्या समोर एकदम चेहरा ठेवू नये, आधी शर्ट ठेवावा. त्यावरून इथले काही जण त्यांना लाँड्रीवाल्या बाई म्हणायचे. म्हणायचे ना? आता खाली बघू नका.

त्यांनी शर्ट माझ्यासमोर ठेवला. मी कॉलर उलटून पाहिली. आतली शिलाई बाबांची होती, इतकी बारीक की ती आहे हे दिसू नये. मग त्यांनी एक पारदर्शक पिशवी काढली. "हे त्यांच्या खिशात होतं. मी पुष्कळ विचार केला, काय असेल ते मला समजलं नाही."

आत कापडाचा तुकडा होता. हिरवा, त्यावर पांढरे ठिपके. टाचणी लावलेला.

मी म्हणाले, "माझ्या मुलीच्या फ्रॉकचं कापड आहे. फ्रॉक शिवून झाला होता. बटणं राहिली होती."

डॉक्टरबाई म्हणाल्या, "म्हणजे ते रंग जुळवून बटणं आणायला निघाले होते."

एवढंच होतं, मंडळी. राग नव्हता, वाद नव्हता, कोणी कोणाला हाकललं नव्हतं. नातीच्या फ्रॉकला जुळणारी बटणं आमच्या भागात मिळाली नाहीत, म्हणून ते बसने इकडच्या बाजाराला आले आणि तुमच्या फाटकासमोरच्या थांब्यावर कोसळले.

मी विचारलं, "फार त्रास झाला का त्यांना?"

त्या म्हणाल्या, "नाही म्हणणं सोपं आहे, पण ते खोटं होईल. थोडा झाला असेल. फार वेळ नाही. बसच्या वाहकाने उचलून आणलं. तो जाईना, घरचं कोणी येतंय का बघत उभा होता."

"आता कुठे आहेत ते?"

तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं. आणि मग म्हणाल्या, "उशीर आमच्याकडून झाला. तुम्ही इथे येत होतात आणि आम्ही तुम्हाला गाठलं नाही. ही आमची चूक आहे."

आमची चूक आहे. या इमारतीत ते वाक्य मी त्यांच्याच तोंडून ऐकलं, दुसऱ्या कोणाच्या नाही. त्यासाठी त्यांना काय मिळालं? मानपत्रात ते नाही, म्हणून मी सांगते. त्यांना नोटीस मिळाली. पोलिसांच्या आधी नातेवाइकांना का सांगितलं, आणि रुग्णालयाची चूक आहे असं म्हणण्याचा अधिकार तुम्हाला कोणी दिला. अध्यक्ष महोदय, त्यावर सही आपली होती. आज पुष्पगुच्छही आपणच दिलात.

पुढे बाबांच्या राखून ठेवलेल्या नमुन्याशी जुळवायला घरच्यांच्या रक्ताची तपासणी झाली. माझ्या यजमानांबरोबर, मुलगी म्हणून नणंदेलाही बोलावलं. तिलाही डॉक्टरबाईंनी त्याच खुर्चीत बसवलं आणि तो तुकडा दाखवला. तिने तो हातात घेतला. मग मला म्हणाली, "मी तुला तसं विचारायला नको होतं." मी म्हणाले, "हो, नको होतं." आम्ही दोघी रिक्षाने एकत्र घरी गेलो. सगळं भरून निघालं असं मी म्हणणार नाही, पण ती आता येते. बाबांच्या मातीवर आकड्याच्या जागी त्यांचं नाव लावलं आहे. माझे यजमान आता काही 'नुसतं' विचारत नाहीत.

प्रमुख पाहुणे, आपल्या चौकीतलं ते वाक्य मात्र अजून तसंच आहे. माझे सासरे आपल्या दप्तरी आजही सुनेशी भांडून निघून गेलेले आहेत. मी तीनदा अर्ज केला. मला सांगण्यात आलं, प्रकरण बंद झालं, आता त्यात बदल कशाला. आपण मघाशी संवेदनशीलतेवर सुंदर बोललात. ते वाक्य खोडायला किती संवेदनशीलता लागेल?

अधीक्षक साहेब घड्याळाकडे बघत आहेत. एकच गोष्ट राहिली, आणि तिच्यासाठीच खरं तर मी उभी राहिले. इथे येताना त्या खोलीच्या दाराला चिकटवलेला कागद वाचला. उद्यापासून ती खोली जुनं फर्निचर ठेवायला देण्यात येत आहे, आतल्या वस्तूंची विल्हेवाट लावण्यात येईल. वस्तू म्हणजे काय, ते मी कपाट उघडून पाहिलं आहे. कोपराला ठिगळ लावलेला लाल स्वेटर आहे. एक बायकी चप्पल आहे, अंगठा नव्याने शिवलेली. चार किल्ल्यांचा जुडगा आहे, म्हणजे कुठेतरी चार कुलपं आहेत. ते ठिगळ कोणीतरी लावलं आहे. ते कोणीतरी आज कुठल्या तरी खिडकीशी उभं असेल आणि त्याला पुढे चला म्हणत असतील. डॉक्टरबाईंना निरोप द्या, त्यांचं वय झालं, तो नियम आहे. पण त्यांच्याबरोबर या माणसांना दुसऱ्यांदा फेकून द्यायचा नियम कुठला?

डॉक्टरबाई, तुमचे आभार मानायला मला बोलावलं होतं आणि मी सगळा वेळ दुसऱ्यांवर रागावण्यात घालवला. तुम्ही मला माझं माणूस दिलंत, आणि माझ्या घरात मला माझी जागा परत दिलीत. याहून नेमकं मला सांगता येत नाही.

आयोजकांनी बोलायला दिलं, आपण सर्वांनी ऐकून घेतलं, मी ऋणी आहे. बोलण्याची रीत चुकली असेल, कोणाचा मान राखायचा राहिला असेल, तर मोठ्या मनाने क्षमा करावी. रागाबद्दल क्षमा मागत नाही. यानंतर अध्यक्षीय भाषण आहे. ती खोली उद्या उघडी राहणार की नाही, तेवढं अध्यक्षांनी त्यात सांगावं. मी मागे भिंतीपाशी जाऊन उभी राहते, आम्ही सगळे ऐकत आहोत.