घेतल्याशिवाय राहणार नाही

...अहो, संप! डॉक्टरांचा! अमेरिकेत! आणि भोंगा घेऊन सगळ्यांत पुढे कोण? आमची अंतरा! तुम्हाला सांगतो, लेक डॉक्टर झाली तेव्हा इथं अख्ख्या ट्रॉय गावात पेढे वाटले मी, आणि आता ती हॉस्पिटलच्या गेटवर ओरडतेय... आणि मी कोण? मॅनेजमेंटचा माणूस! हयात गेली माझी, आधी चिंचवडच्या कारखान्यात, मग इथे डेट्रॉइटला, कामगारांना "बघू, विचार करू" सांगण्यात!

बायकोला म्हटलं, "आसावरी, कान धरून घरी आणतो तिला." तर ही म्हणते, "आधी विचारा, पोरगी झोपली कधी!" घ्या, घरातच फितुरी!

गेलो तणतणत. "अंतरा, घरी चल, नोकरी जाईल!" तर म्हणते कशी, "बाबा, ड्यूटीवरून येताना सिग्नलला झोप लागली मला. ग्रीन झाला, मागचे हॉर्न मारतायत, आय डिडन्ट इव्हन हिअर." लोकांना बरं करायचं आणि स्वतः मरायचं? हा कुठला न्याय?

आणि यांच्या घोषणा! शाळेत प्रार्थना म्हणतात तशा, हळू आवाजात, रांगेत! अशानं कोण देणार, कपाळ? राहवेना मला... घेतला भोंगा. चिंचवडला माझ्याच केबिनखाली, माझ्याच विरुद्ध वर्षानुवर्षं ऐकलेली ती घोषणा, "कोण म्हणतो देणार नाही?" आणि पुढचं घोकून घेतलं सगळ्यांकडून. एक सहा फुटी गोरा डॉक्टर, लालबुंद होऊन, "घेटल्याशिवाय राहनार नाय!" अहो, जन्मभर गाड्यांचे पार्ट एक्सपोर्ट केले, पण खपला खरा तो हा माल!

तेवढ्यात वरच्या मजल्यावर पडदा हलला. सगळे गप्प झाले, घाबरले हो बिचारे! आणि मी कोण? मॅनेजमेंटचा माणूस! चिंचवडला अशाच पडद्यामागे मीच उभा असायचो की! म्हटलं, "पडदा हलला म्हणजे ते घाबरलेत रे, थांबू नका, ओरडा!"

आणि झाला की करार! ड्यूटीचे तास कमी, आठवड्याला हक्काची सुट्टी! इथल्या महाराष्ट्र मंडळात छाती फुगवून सांगतो मी आता, डॉक्टर काय, घरोघरी असतात, माझी लेक लीडर आहे, लीडर!

आज पहिली सुट्टी. घरी आली, बूटही न काढता सोफ्यावर आडवी झाली, ती अजून उठलेली नाही. आसावरीनं मिक्सर बंद केलाय, फोन बंद केलेत, शिंकायचीसुद्धा चोरी! अख्खं हॉस्पिटल हलवणारा मी, आणि स्वतःच्या घरात चहा मागतोय खुणेनं... म्हणून तर तुम्हाला इथे गॅरेजमध्ये बसवलंय. हसा, पण जरा हळू!