कियांजोगूच्या सभागृहाचे दार आणि पवनचक्क्यांचा नकाशा

माझे नाव मुगुरे किहिऊ, वय ४६ वर्षे, धंदा शाळेचे स्वेटर विणणे, राहणार कियांजोगू, दूध डेअरीच्या मागे. पोलीस ठाण्यातून बोलावणे आल्यावरून मी आज स्वतः हजर झाले आहे. कोणाच्या दबावाखाली नसून, विचारल्यावरून माझा जबाब सांगते तो असा.

मी वरील ठिकाणी लग्न होऊन आल्यापासून राहते. माझे पती हयात नाहीत. शेजारच्या रानात माझी मोठी नणंद न्यागुथी राहते. तिचे बटाट्याचे रान आणि माझे रान यांच्यामध्ये फक्त कुंपण आहे. माझ्या सासूबाई न्यागुथीच्या रानाच्या वरच्या अंगाला पुरलेल्या आहेत.

आमच्या पठारावर वारा फार असतो. त्यामुळे पवनचक्क्यांची कंपनी आमच्याकडे आली. कंपनीने काही लोकांशी जमिनीचे भाडेकरार केले. न्यागुथीनेही केला. बाकीच्यांना काही सांगण्यात आले नाही. चक्क्यांचे खांब कुठे येणार, रस्ता कुठून जाणार, हे कळावे म्हणून मी व गावातील इतर बायका काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, नियोजन कार्यालयात बऱ्याच वेळा गेलो. नकाशा आहे, पण तो दाखवण्याचा नाही, असे तेथे सांगण्यात आले. एकदा साहेब जेवायला गेले होते. आम्ही बसून राहिलो. ते परत आले नाहीत.

काही कळत नसल्याने गावात ज्याला जे सुचेल ते तो बोलू लागला. गायी आटणार, पोरे बहिरी होणार, अर्धे गाव उठवणार. यातले शेवटचे मी स्वतः माझ्या स्वेटरच्या दुकानात गिऱ्हाइकांना सांगितले आहे. मला ते कोणी सांगितले हे आता आठवत नाही.

त्यानंतर गावात दोन तट पडले. करार केलेले लोक चर्चमध्ये डाव्या बाजूला बसू लागले. कोणीतरी न्यागुथीच्या कोबीचा वाफा कापून टाकला. कोणी कापला ते मला माहीत नाही. तिच्याकडे चौकशीला गेले होते का, असे विचारल्यावरून सांगते की, नाही. कुंपणावरून मला तो वाफा दिसत होता. माझ्या पतीच्या दफनाच्या दिवशी न्यागुथीने माझा हात दिवसभर सोडला नव्हता, हेही विचारल्याशिवाय सांगते.

मागील गुरुवारी सभागृहात चहा करणारी गाथोनी माझ्या दुकानात आली व म्हणाली, "अगं, दुपारी कंपनीची बैठक आहे. चहा थोड्यांचाच सांगितलाय, म्हणजे आपल्याला बोलावणं नाही." मी विणायचे मशीन बंद केले. वाटेत भेटतील त्या बायकांना सांगत गेले. सभागृहाशी पोचेपर्यंत आम्ही बऱ्याच जणी झालो होतो. दारावर रखवालदार होता. त्याची टोपी वाऱ्याने उडाली व तो तिच्यामागे धावला, तेव्हा आम्ही आत गेलो. त्याला आम्ही ढकलल्याचे आमच्याविरुद्धच्या तक्रारीत लिहिले आहे, ते खरे नाही.

आत करार केलेले लोक, कंपनीचे जनसंपर्क अधिकारी श्री. जेरेड ओंबासा, म्हणजे या प्रकरणातील तक्रारदार, व काउंटीच्या नियोजन अधिकारी कुमारी चेरोप असे बसले होते. श्री. ओंबासा म्हणाले, "बाई, ही बैठक जमीन दिलेल्यांची आहे. तुमची वेगळी घेऊ."

मी म्हणाले, "वेगळी कधी? चक्क्या फिरायला लागल्यावर?"

न्यागुथी पुढच्या बाकावर होती. ती मागे न बघता म्हणाली, "वहिनी आली. आता बैठक संपली, तमाशा सुरू."

मी म्हणाले, "वन्सं, तमाशा तर दार लावून चाललाय. आम्ही नुसतं बघायला आलोय."

त्यावर दोन्हीकडून बरेच बोलणे झाले. ते सर्व लिहिण्यासारखे नाही. श्री. ओंबासा यांनी बैठक तहकूब केल्याचे सांगून बॅग उचलली. त्याच वेळी वाऱ्याने सभागृहाचे लोखंडी दार आपटले व बाहेरची कडी आपोआप पडली. दार मी लावले नाही. आमच्यापैकी कोणीही लावले नाही. त्या दाराला आतून मूठ नाही, हे सगळ्या गावाला माहीत आहे. खिडक्यांना गज आहेत.

श्री. ओंबासा यांनी दारावर हात मारले. त्यांनी ड्रायव्हरला फोन केला. तो डिझेल भरायला गेला होता. रखवालदार टोपीसह टपरीच्या आडोशाला बसला असल्याचे खिडकीतून दिसले, पण वाऱ्यात त्याला हाका ऐकू गेल्या नाहीत. स्वयंपाकघर सभागृहाबाहेर आहे. त्या बाजूच्या खिडकीशी बाहेरून गाथोनी उभी होती. श्री. ओंबासा तिला म्हणाले, "दार उघड पटकन."

गाथोनीने माझ्याकडे बघून विचारले, "उघडू का गं?"

मी म्हणाले, "आधी चहा उकळू दे."

हे मी बोलले आहे. नाकारत नाही. गाथोनी कडी काढायला न जाता चुलीकडे गेली, ती माझ्या सांगण्यावरून गेली. तिला यात धरू नये.

श्री. ओंबासा म्हणाले, "याला डांबून ठेवणं म्हणतात. कळतं का तुम्हाला?" काही बायका घाबरल्या. मीही घाबरले होते. त्यावेळी कुमारी चेरोप, ज्या तोपर्यंत काहीच बोलल्या नव्हत्या, त्या म्हणाल्या, "मला काही घाई नाही. चहा होईपर्यंत नकाशा बघू या."

श्री. ओंबासा म्हणाले, "मॅडम, तुमच्या वरिष्ठांनी नको म्हटलंय."

त्या म्हणाल्या, "हो. मीच नकाशा गावात लावा म्हटलं होतं, त्यांनीच नको म्हटलं. माझं नाव सांगा त्यांना."

त्यांनी दोन टेबले जोडली व नकाशा पसरला. कोपऱ्यांवर आम्ही तेथे असलेली चर्चची भजनांची पुस्तके ठेवली. मग त्यांनी एकेका खांबाची जागा मोठ्याने वाचून दाखवली, कोणाच्या रानात, कोणाच्या घरापासून किती लांब. ज्याचे नाव येईल तो पुढे जाऊन बघत होता. आधी डावीकडचे डावीकडे व उजवीकडचे उजवीकडे उभे होते. नंतर नकाशावर दिसेना म्हणून सगळे एकमेकांच्या खांद्यावरून वाकले.

एकही घर उठणार नव्हते. कुमारी चेरोप यांनी मी विचारल्यावर ते दोनदा सांगितले. न्यागुथीने माझ्याकडे बघितले. मी म्हणाले, "मी चुकीचं सांगत होते." एवढेच म्हणाले.

त्यानंतर खांबांचे अवजड सामान नेण्याच्या रस्त्याची रेघ आली. ती रेघ न्यागुथीच्या रानातून वरच्या अंगाला गेली होती. न्यागुथीने चष्मा पुसला व रेघेवर बोट ठेवले. ती म्हणाली, "इथं माझी आई आहे."

श्री. ओंबासा म्हणाले, "आजी, हा रस्ता तात्पुरता आहे."

न्यागुथी म्हणाली, "माझी आई तात्पुरती पुरलेली नाही."

करारात रस्त्याचा उल्लेख होता, पण तो कुठून जाणार हे तिला सांगितलेले नव्हते, असे कुमारी चेरोप यांच्या विचारण्यावरून निष्पन्न झाले. न्यागुथी बाकावर बसली. माझ्या बाजूच्या एक-दोघी हळूच म्हणाल्या की, घे आता, सही करताना गोड लागलं. मी त्यांना गप्प केले.

मी कुमारी चेरोप यांना विचारले की, रेघ कुंपणाच्या अलीकडून नेता येईल का. त्या म्हणाल्या, "अलीकडे कोणाचं रान आहे?" मी सांगितले की, माझे आहे. मेंढ्या चरतात तेवढा काठ आहे, तो मी देईन.

न्यागुथी म्हणाली, "तुला तर चक्क्याच नकोत ना गं?"

मी म्हणाले, "चक्क्यांचं नंतर भांडू, वन्सं. सासूबाईंवरून ट्रक नाही जाणार."

कुमारी चेरोप यांनी शिसपेन्सिलीने दुसरी रेघ काढली. मापे घेऊन तपासावे लागेल, पण होण्यासारखे आहे, असे त्या म्हणाल्या. श्री. ओंबासा यांनीही वाकून बघितले. वळण सोपे पडते, असे तेच म्हणाले. झऱ्याजवळचा एक खांब हलवण्यावरून वाद झाला, तो अजून मिटलेला नाही.

चहा झाल्यावर गाथोनीने दार उघडून किटली आत आणली. दार तेव्हापासून उघडेच होते. श्री. ओंबासा लगेच गेले नाहीत. त्यांनी दोन कप चहा घेतला व साखर कमी असल्याचे सांगितले. त्यांना कोणी हात लावला नाही, शिवी दिली नाही. ते जाताना म्हणाले, "तक्रार तर मला द्यावीच लागेल." मी म्हणाले, "द्या. खरं ते सांगेन." त्यांच्याबद्दल माझ्या मनात राग नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुमारी चेरोप यांनी नकाशाची प्रत डेअरीच्या भिंतीवर लावली. त्याबद्दल वरिष्ठांनी त्यांच्याकडून खुलासा मागवल्याचे कळते. त्यांच्या बाजूने गावाने अर्ज दिला आहे. त्यावर दोन्ही तटांच्या सह्या आहेत. दूध घालायला येणारे लोक नकाशापुढे थांबतात व वाद घालतात. पूर्वीही घालत होते, पण आता बोट ठेवून घालतात. येत्या शनिवारी शाळेच्या मैदानावर खुली सभा ठरली आहे. तिला कंपनी, काउंटी व सगळे गाव येणार आहे.

पवनचक्क्यांना माझा अजूनही विरोध आहे का, असे विचारल्यावरून सांगते की, माझे ठरलेले नाही. शनिवारी ऐकून ठरवीन. न्यागुथीचेही ठरलेले नाही. ती आज माझ्याबरोबर आली असून बाहेर बाकावर बसली आहे. मला उशीर होईल म्हणून तिने उकडलेले बटाटे बांधून आणले आहेत. ठाण्यात नेलेले चालतात का, हे तिने आत येऊन हवालदारांना विचारले होते.

माझा हा जबाब हवालदारांनी लिहून झाल्यावर मला आमच्या किकुयु भाषेत वाचून दाखवला. खिडकीबाहेरून न्यागुथीने "जरा मोठ्याने वाचा, इकडे ऐकू येत नाही" असे म्हटल्यावरून तो पहिल्यापासून पुन्हा मोठ्याने वाचण्यात आला. बाहेर बसलेल्या सर्वांनी तो ऐकला. मी सांगितले तसाच तो लिहिला आहे, म्हणून खाली सही करते.

मुगुरे किहिऊ