पाहुणे जेवून उठेपर्यंत

जबाब
दिनांक २६/१२/२००६
तालुका पोलीस ठाणे, जि. नाशिक

माझे नाव मालनबाई निवृत्ती मौले, वय ४७ वर्षे, धंदा फुलशेती, तसेच वाडीच्या पर्यटन समितीची अध्यक्ष, राहणार करंजवाडी, ता. जि. नाशिक. ठाण्यातून निरोप आल्यावरून आज स्वतः हजर होऊन, फौजदार साहेबांनी विचारले तसे सांगते की,

मी वरील ठिकाणी पती निवृत्ती यांच्यासोबत राहते. आमचा गुलाब आणि झेंडू आहे. करंजवाडीत सगळी घरे मौल्यांची, एकच भाऊकी. मयत कोंडाजी पुंजा मौले, वय अंदाजे ६८, हे माझे चुलत दीर. त्यांची पत्नी भिमाबाई नात्याने माझी थोरली जाऊ, तिला मी आक्का म्हणते. त्यांना एकच मुलगी छाया, ती नामपूरला दिली आहे. त्यांच्याशी माझे बांधाचे, पाण्याचे किंवा दुसरे कसलेही भांडण नव्हते, कोणालाही विचारावे.

तीन वर्षांपासून नाशिक रोडची एक संस्था आमच्या वाडीत शहरातले पाहुणे आणते. संस्थेचे काम शुभांगीताई पाहतात. पाहुण्याने गावाला ओरबाडायचे नाही, गावाला काही देऊन जायचे, असे त्यांचे म्हणणे आहे. पाहुणे चालत येतात, प्लास्टिक आणत नाहीत, शेतात हात लावतात आणि पाळीने एकेका घरी जेवतात. साहेब, हसण्यासारखे यात काही नाही. या पाहुण्यांमुळे आमच्या विहिरीचा गाळ निघाला. ओढ्याकाठी बांबू लागला. आमच्या पोरी नाशिक रोडच्या कॉलन्यांत लोकांची खरकटी घासायला जात होत्या, त्या आता स्वतःच्या ओट्यावर बसून गजरे शिकवतात. हे मी उभे केले आहे. पुरुष माणसे पारावर बसून नावे ठेवत होती तेव्हा मी दारोदार फिरून उभे केले आहे.

आमची अडचण एकच, ती म्हणजे सुतक. भाऊकी एक असल्याने कोणत्याही घरी माणूस गेला की दहा दिवस सगळ्या वाडीला सुतक लागते. सुतकाच्या घरी बाहेरच्या माणसाला जेवू घालत नाहीत. दिवाळीनंतर आमची एक म्हातारी वारली, तेव्हा आलेले पाहुणे परत पाठवावे लागले. शुभांगीताई तेव्हा म्हणाल्या होत्या, "मालनताई, पुन्हा ऐनवेळी असं झालं तर मी काही करू शकणार नाही. पलीकडचं गाव तयारच बसलंय." शनिवार दि. २३ रोजी जे पाहुणे येणार होते ते नुसते जेवायला नव्हते. पुढच्या वर्षी आमची वाडी ठेवायची की पलीकडचे गाव घ्यायचे, हे तेच ठरवणार होते. त्या दिवशीची पाळी कोंडाजी भाऊजींच्या घरची होती.

शनिवारी दिवस उगवायच्या सुमारास आक्का माझ्या दारात आली. म्हणाली, "मालन, ते उठंना गं. हलवून हलवून दमले." मी गेले. भाऊजी अंथरुणावर उताणे होते, तोंड उघडे, अंग घामाने ओले आणि गार. त्यांना साखरेचा आजार होता. रात्री जेवणावर रुसले, गोळी मात्र घेतली, असे आक्काने सांगितले. मी मनगट धरले, काही लागले नाही. समईतली कोरडी वात नाकापुढे धरली. ती हलली नाही. आक्का म्हणाली, "हलली. जराशी हलली, म्या पाह्यलं." मी तिला म्हटले, "तुझी मान हलतीये आक्का, वात नाय."

विचारल्यावरून सांगते की, डॉक्टरला बोलावले नाही हे खरे आहे. डॉक्टर आला असता तर गाडी आली असती, गाडी आली की माणसे गोळा होतात, आणि मरण कानावर पडले की सुतक लागते. कानावर पडेपर्यंत लागत नाही, असे आमच्याकडे मानतात. मेलेल्याला कसली घाई असते? डॉक्टर येऊन जिवंत करणार होता काय, असे मला तेव्हा वाटले.

आक्का गळा काढायच्या बेतात होती. मी तिच्या तोंडावर पदर दाबून धरला. तिला समजावले की भाऊजी गेले ते गेले, आता फक्त पाहुणे जेवून उठेपर्यंत कळ काढ. संध्याकाळी तू रड, मी रडते, सगळी वाडी रडेल. ती म्हणाली, "मला त्यांच्यापाशी बसू दे. मी काय बोलणार नाय." मी म्हटले, पाळी तुझ्या घरची आहे, घरधनीण दिसली नाही तर पाहुणे विचारतील. ती कपाळाचे कुंकू पुसायला लागली होती. मी तिचा हात धरून खाली घेतला आणि माझ्या हाताने ताजे कुंकू लावले. बांगड्या कमी होत्या, त्याही भरल्या.

नंतर भाऊकीतला लहानू मौले याला बोलावले. आम्ही दोघांनी भाऊजींना उचलून घरामागच्या कांदाचाळीत नेले. चाळ या दिवसांत रिकामी असते, खाली नुसती टरफले. मधोमध गोणपाट टाकले, त्यावर निजवले आणि पायापासून डोक्यापर्यंत चादर घातली. बाहेरून कडी लावली आणि दारापुढे झेंडूचे क्रेट रचले. एवढी गोष्ट आम्हा तिघांनाच ठाऊक होती. चुलीला मी हात लावला नाही, आक्कालाही लावू दिला नाही. पुरण दुसऱ्या बायकांनी शिजवले. त्यांना भाऊजी नाशिकला गेलेत असे सांगितले. सकाळी शुभांगीताईंचा फोन आला, काही अडचण नाही ना म्हणून. मी नाही म्हटले.

पाहुणे दहाच्या सुमारास आले. झेंडू खुडला, ओढ्यावर जाऊन बांबू पाहिला आणि बाराच्या पुढे ओटीवर पंगत बसली. पुरणपोळी, गुळवणी, आमटी, कुरडया. आक्का वाढत होती. एका पाहुण्याने कॅमेरा काढला आणि म्हणाला, "आजी, इकडे बघा, हसा ना जरा." आक्का नुसती बघत राहिली. मी तिला म्हटले, "हस की." ती हसली. तो फोटो पाहुण्यांना फार आवडला, त्यांनी तो मला कॅमेऱ्यातच दाखवला.

विचारल्यावरून सांगते की, होय, पंगत चालू असताना मागून आवाज आला. लाकडावर काहीतरी आपटल्यासारखा, थांबून थांबून. पुण्याची वेदिका नावाची मुलगी होती, तिने विचारले. मी सांगितले, शेळी आहे, व्यायला झालीये म्हणून कोंडलीये. ती म्हणाली, "तिला पाणी ठेवलंय ना? प्राण्यांचे हाल होत असतील तिथं आम्ही जेवत नाही." मी म्हटले, ठेवलंय. आमच्या चाळीत शेळी कधीच नव्हती. चाळीत घुशी आहेत, त्या अशाच धडका मारतात, आणि मला ती घूसच वाटली. घूस म्हटले असते तर शहरातली माणसे पानावरून उठली असती.

आक्काच्या हातात पाण्याचा तांब्या होता. ती तो घेऊन मागच्या दाराकडे निघाली. मी तिला माजघरात गाठले. ती हळूच म्हणाली, "घूस नाय मालन. ते वाजवत्यात. त्यांची सवय हाय, पाणी पाह्यजे असलं की असंच खाटंला वाजवत्यात." मी म्हटले, आक्का, माणूस गेलं की बाईला असंच ऐकू येतं, माझी सासू गेली तेव्हा मलाही महिनाभर खोकला ऐकू येत होता. तिच्या हातातला तांब्या मी घेतला आणि पंगतीत पाणी वाढले. मग पाहुण्यांना म्हटले, जात्यावर बसायचंय ना? त्यांना फार हौस. दोघी दोघी करून सगळ्यांनी दळून पाहिले, बायका ओव्या म्हणत होत्या. जात्याची घरघर मोठी असते, पुढचे मला काही ऐकू आले नाही. पंगत उठली तेव्हा दोन वाजले नव्हते. उष्टी काढून ओटी सारवून घेतली. पाहुणे चारच्या सुमारास खूष होऊन गेले. शुभांगीताईंनी जाताना माझा हात दाबला.

पाहुणे ओढ्यापलीकडे गेल्यावर लहानूने क्रेट हलवले आणि कडी काढली. दार आत ढकलले जाईना. भाऊजी दाराशी होते. पाय अंगाखाली दुमडलेले, एक हात फळ्यांच्या फटीत. चादर आणि गोणपाट चाळीच्या मधोमध होते. लहानू तिथेच ओकला. मी त्याला म्हटले, कुत्रे शिरले असेल, त्याने ओढले असेल. कडी बाहेरून होती हे माझ्या तेव्हा ध्यानात आले नाही. आम्ही त्यांना घरात आणून निजवले आणि नाशिकहून परत आले नि आत्ताच वारले असे वाडीत सांगितले. आक्का रडली नाही. संध्याकाळी तू रड असे मी सांगितले होते, पण ती रडली नाही.

रविवारी सकाळी छाया नामपूरहून आली. बापाच्या अंगाला पाणी घालताना तिने हात पाहिले. मला म्हणाली, "काकू, दादा घरात गेले ना? मग नखात कांद्याची टरफलं कशी? गुडघे कशानं सोलले?" मी म्हटले, पोरी, जाणाऱ्याची चिकित्सा करू नये. तिने तिरडी बांधू दिली नाही. भाऊकीने सांगून पाहिले, मी पाया पडले. ती थेट इथे आली.

साहेबांनी आता मला सांगितले की सरकारी डॉक्टरांच्या म्हणण्याप्रमाणे कोंडाजी भाऊजी शनिवारी सकाळी मयत नव्हते. साखर उतरल्याने ते निपचित पडले होते. गोड पाणी पोटात गेले असते तर उठून बसले असते. मरण तिसऱ्या प्रहरी, तीनच्या पुढे आले. मी हे दोनदा विचारून घेतले. साहेबांनी दोन्ही वेळा तीनच्या पुढे असेच सांगितले.

माझ्या जिवाला तीन दिवस घोर होता. अन्न गोड लागत नव्हते, डोळ्याला डोळा नव्हता. दारी आलेल्या पाहुण्याला आपण सुतकातले अन्न घातले, हे पाप कुठे फेडू, असे झाले होते. आता कळले की पाने वाढली, पाहुणे जेवले, पंगत उठली, तेव्हा भाऊजी जिवंत होते. घरात मरण झालेलेच नव्हते. म्हणजे आमच्या हातून कोणालाही विटाळाचे अन्न गेले नाही आणि वाडीला दोष लागत नाही. ही गोष्ट जबाबात स्पष्ट लिहावी आणि डॉक्टरांच्या कागदाची एक प्रत मला द्यावी, ती शुभांगीताईंना दाखवायची आहे, अशी माझी विनंती आहे.

वरीलप्रमाणे मी सांगितले तसे मराठीत लिहिले असून ते मला मोठ्याने वाचून दाखवले. ते माझ्या बोलण्याशी जुळते, त्यात वाढवलेले किंवा गाळलेले काही नाही, म्हणून खाली सही करते.

(सही) मालनबाई निवृत्ती मौले

समक्ष,
पोलीस उपनिरीक्षक