मधुकरने फिरवलेला आरसा

सुमनवहिनी, आणि हुडकेश्वरच्या माझ्या शेजाऱ्यांनो, चार ओळी लिहून आणल्या होत्या. त्या वाचवत नाहीत. जसं येईल तसं बोलतो.

मधुकर कूलर बनवायचा. मी वायरमन. कॉलेज दोघांनीही पाहिलं नाही. तरी तीन वर्षं त्याच्या गच्चीवर आम्ही एक सोलर यंत्र उभं करत होतो. मोठ्या आरशाने ऊन गोळा करायचं आणि उन्हाची वीज करणाऱ्या तळहाताएवढ्या सेलवर टाकायचं. वीज भरपूर येते, पण सेल तापतो. तापला की वीज घटते, फार तापला तर जळतोच. म्हणून मागून पंपाने पाणी फिरवायचं आणि समोर पाण्याने भरलेली काचेची पेटी ठेवायची. उन्हातला जो भाग नुसता तापवतो, तो त्या पाण्यात अडकतो. पेटी जाड केली की सेल थंड राहतो, पण कामाचा उजेडही थोडा जातो.

भांडण त्या पेटीवरच.

"थोडी वीज कमी आली तं चालते गा," मधुकर म्हणायचा. "लाईट गेली, पंप थांबला, तं सेल टिकला पाहिजे न!"

मी म्हणालो, "तुले कूलर समजते. प्रकाश नाही समजत."

तो हसला. "तुले प्रकाश समजते, ऊन नाही समजत."

तो तीन सेंटीमीटर म्हणत होता. पेटी माझ्या मापाची झाली. एक सेंटीमीटर. माझं माप चुकत नाही, हे तुम्ही माझ्याच तोंडून किती वेळा ऐकलंय!

त्या दुपारी अख्ख्या शहराची लाईट गेली. मी पाइप आणायला लकडगंजच्या बाजारात होतो. फोन मीच केला. "पंप बंद पडला असंन. लवकर आरसा फिरव." तो जेवत होता. ताटावरून उठला. मे महिन्याच्या त्या उन्हात तो आरशाशी किती वेळ झटला, कोणाला माहीत? मी पोहोचलो तेव्हा आरशाची पाठ सूर्याकडे होती आणि मधुकर खाली पडला होता. डॉक्टर म्हणाले, उष्माघात.

सेल शाबूत आहे. काल मीटर लावून पाहिला. काही म्हणता काही झालेलं नाही त्याला.

वहिनी, तुम्ही दवाखान्यात विचारलं, "भाऊजी, जळू द्यायचा होता न तो. काहून पाठवलं त्यायले?"

काहून पाठवलं? नवा सेल मिळतो, हे मला फोन करतानाही माहीत होतं.

दोन मिनिटं सगळे उभे राहूया, त्याच्यासाठी. वहिनी, तुम्ही नका उठू. बसा.