मौनाच्या दिवशी पाच मिनिटं

(प्राचार्यांची खोली. टेबलापलीकडे प्राचार्य, अलीकडे शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी आणि तिची आत्या.)

आत्या : पण सर, त्या दिवशी आम्ही बोलतच नाही. उजाडल्यापासून मावळेपर्यंत घराबाहेर पाऊल नाही, तोंडातून शब्द नाही. आमच्या धर्मात वर्षाकाठी मोठा म्हणावा असा तेवढा एकच दिवस.

प्राचार्य : वा! हेच, अगदी हेच तिनं मंचावर येऊन सांगावं. पाच मिनिटं.

आत्या : काय सांगावं?

प्राचार्य : मौनाचं महत्त्व.

आत्या : बोलून?

प्राचार्य : माईक आहे ना. हळू बोलली तरी चालेल.

आत्या : सर, माझं शिवणकामाचं दुकान आहे. दिवसभर गिऱ्हाइकांशी भांडते, संध्याकाळी भावाशी. वर्षातून एक दिवस मी गप्प बसते आणि अख्खी गल्ली त्या दिवसाची वाट बघते. तेवढाही तुम्हाला बघवत नाही?

प्राचार्य : ताई, गैरसमज नको. तुमच्या धर्माबद्दल आम्हाला नितांत आदर आहे. म्हणून तर ‘सर्वधर्म सन्मान दिन’ ठेवलाय.

आत्या : मग आदल्या दिवशी करा की सन्मान.

प्राचार्य : आदल्या दिवशी पाहुण्यांना वेळ नाही.

आत्या : दुसऱ्या दिवशी?

प्राचार्य : दुसऱ्या दिवशी कॉलेज बंद. आमचा सण आहे. म्हणजे... सगळ्यांचाच.

आत्या : आमचा नाही.

प्राचार्य : पण सुट्टी तुम्हालाही मिळते ना! आम्ही तिथं भेदभाव करत नाही.

आत्या : तारीख ठरवताना कुणाला विचारलं होतं?

प्राचार्य : समितीत रीतसर चर्चा झाली. एकानंही हरकत घेतली नाही.

आत्या : समितीत कोण कोण?

प्राचार्य : आमचेच प्राध्यापक. सगळे अतिशय उदार मनाचे.

आत्या : आणि सगळे तुमच्याच धर्माचे.

प्राचार्य : त्यामुळे एकमत फार लवकर झालं.

भाची : मी समितीच्या मॅडमना सांगितलं होतं सर, की तो आमच्या मौनाचा दिवस आहे. त्या म्हणाल्या, किती छान योग जुळून आला.

आत्या : ऐका! योग म्हणे. हे बघा सर, मुलगी येणार नाही. तिचा बाप भिडस्त, तो तुमच्यासमोर नुसती मान हलवत बसला असता, म्हणून मी आले. तिच्या हजेरीचं काय ते बोला.

प्राचार्य : हजेरीचा नियम सगळ्यांना सारखा. कार्यक्रमाची हजेरी आठवडाभराची धरणार आहोत. त्याशिवाय मुलं येतात कुठं? न येणाऱ्याची तेवढी कापली जाईल.

आत्या : अहो, टायफॉइडनं महिनाभर अंथरुणाला खिळली होती पोर. आधीच काठावर आहे. आठवडा कापलात तर परीक्षेलाच बसता येणार नाही. वर्ष जाईल तिचं.

प्राचार्य : म्हणूनच म्हणतो, यावं. कॉलेजात तुमच्या धर्माची ही एकटीच. ही नसली तर पाच धर्म उरतात, आणि पाहुण्यांना आम्ही सहा कळवलेत.

आत्या : आम्ही म्हणजे काय वजनाला कमी पडलं म्हणून वर टाकायचा कांदा?

प्राचार्य : छे छे! बरं, एक मार्ग आहे. आपल्यातच राहू द्या. हिनं आनंदानं घरी बसावं. हिच्या जागी हॉकी संघाचा गोलरक्षक बसेल.

आत्या : तो आमच्यातला आहे?

प्राचार्य : नाही, पण उंचापुरा आहे, मंचावर शोभतो. नाट्यविभागानं तुमचा पोशाखही दिलाय. हा बघा.

आत्या : हा आमचा पोशाख?

प्राचार्य : पारंपरिक.

आत्या : सर, हा पडदा आहे. वरच्या बाजूला कड्या ओवायची पट्टी दिसतेय. आणि भाषण?

प्राचार्य : तयार आहे. ‘आमचा धर्म शांतीचा संदेश देतो.’ सहाही जणांना तेच दिलंय, म्हणजे कुणाला कमीजास्त वाटायला नको. आणि हिची हजेरी आम्ही पूर्ण लावू. तशी कागदोपत्री ती मंचावर असेलच.

आत्या : पूर्ण? आठवडाभराची?

प्राचार्य : पूर्ण.

आत्या : ...बरं. गुंडाळू द्या त्या गोलरक्षकाला पडदा. चल गं. ऊठ, सरांना धन्यवाद दे.

भाची : नको.

आत्या : काय नको?

भाची : हजेरी नको. सर, मला गैरहजर लावा.

प्राचार्य : अगं, तुझ्याच भल्यासाठी चाललंय हे.

भाची : मी येणार नाही, मग आले असं का लिहायचं? उद्या माझ्यामागून आमच्यातलं कुणी इथं शिकायला आलं आणि म्हणालं, आज आमचा मौनाचा दिवस आहे, तर तुम्ही माझं नाव दाखवाल. म्हणाल, मागं एक होती, ती आली होती, बोललीसुद्धा. तुला काय झालं?

प्राचार्य : ताई, तुम्ही तरी समजवा तिला. वर्षाचा प्रश्न आहे.

आत्या : मी मघाशी बरं म्हटलं, ते धरू नका.

प्राचार्य : म्हणजे तुम्हीसुद्धा?

आत्या : टायफॉइडमध्ये उशाशी मी बसले होते सर. तेव्हासुद्धा ही पुस्तक सोडत नव्हती. वर्ष म्हणजे काय, ते तिला तुमच्यापेक्षा चांगलं कळतं. पण ती खोटं नको म्हणत असेल, तर मी कुठल्या तोंडानं हो म्हणू?

प्राचार्य : नीट विचार कर मुली. एकदा गैरहजर लावलं की मला मागं घेता येणार नाही. मैत्रिणी पुढं जातील, तू याच वर्गात बसशील.

भाची : बसेन.

प्राचार्य : ठीक आहे. तुझी मर्जी. गैरहजेरीचं कारण लिहावं लागतं. ‘घरगुती अडचण’ लिहितो.

भाची : घरी काही अडचण नाही, सर.